अर्धा राहिलेला सामना

अमेरिकेत, शॉमबर्गच्या मुलाच्या घरात दुपार उतरणीला लागली की त्र्यंबकराव टीव्हीसमोर येऊन बसत. टीव्ही बंदच असे. कराडच्या एसटी डेपोत इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा हा माणूस. पण बायको, संध्याबाई, गेल्यापासून कुठलाच आवाज त्याच्या आत पोचत नव्हता. रडूही आलं नव्हतं. ताट आलं की जेवत, गोळी दिली की घेत.

एका रविवारी मुलगा श्रीरंग फोन चाळत म्हणाला, "बाबा, आईचं ते कोरियन सिनेमांचं अ‍ॅप कॅन्सल करतोय. आता कोण बघतंय?"

"एक सिनेमा अर्धा राहिलाय," त्र्यंबकराव म्हणाले. "तेवढा बघू दे."

सिनेमा बेसबॉलचा होता. हा खेळ कोरियात नुकता कुठे आला होता, त्या काळातला. देशात जपान्यांचा पाय पडत होता आणि पांढऱ्या कपड्यांतली पोरं बॅट कशी धरायची ते शिकत होती. खाली इंग्रजी अक्षरं पळत. त्र्यंबकरावांना इंग्रजी येत नव्हतं. मेथी निवडत बसलेल्या संध्याबाईच ती वाचून मराठीत सांगत.

"हे लोक सारखे जेवायचंच कसं गं बोलतात?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"अहो, भूक लागते माणसाला."

हा सिनेमा मध्यावर आला आणि संध्याबाईंच्या छातीत कळ आली. तो तिथेच थांबला होता.

आता सून यामिनी शेजारी येऊन बसली. "मी सांगते, बाबा. थोडं मागून लावू, म्हणजे लिंक लागेल."

पडद्यावर मुलगा बॅट घेऊन निघालेला, म्हातारा बाप दारात उभा.

"बाप म्हणतोय, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस."

"नाही. जेवायच्या वेळेला परत ये, म्हणतोय. ती म्हणाली होती."

"बाबा, इथे तर..." यामिनी बोलता बोलता थांबली.

त्र्यंबकरावांना हळूहळू उमगत गेलं. सातवी शिकलेली बाई. पळत्या अक्षरांतला एखाददुसरा शब्द तिच्या हाती लागत असेल, बाकीचं ती पदरचं घालत असेल. सगळ्याच सिनेमांत. इतकी वर्षं.

"बंद करू का?" यामिनीने विचारलं.

"नको. संपू दे."

सामना शेवटच्या चेंडूवर आला. मुलाने चेंडू टोलवला, तो भिंतीपल्याड गेला. गर्दीच्या कडेला बाप उभा होता. त्याचे ओठ हलले, खाली अक्षरं उमटली.

"काय म्हणतो?"

"म्हणतो..." तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "चल, जेवायचे थांबलेत सगळे."

अक्षरांच्या भरगच्च दोन ओळी होत्या. एवढ्याशा बोलण्याला तेवढी अक्षरं लागत नाहीत, हे इंग्रजी न येणाऱ्यालाही दिसत होतं. त्र्यंबकरावांनी मान हलवली.

"फार जेवतात हे लोक," ते म्हणाले.

नावं वर सरकत सरकत संपली, पडदा काळा झाला. रडू तेव्हाही आलं नाही.

"श्रीरंगला म्हणावं, कर आता कॅन्सल."