कापून ठेवलेले सहा सेकंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्याकडच्या तीन पोरांचं एक रॉक गाणं गेल्या लग्नसराईत प्रत्येक वरातीत वाजलं. त्याच्या व्हिडिओत पदर दातात धरून नाचणारी बाई दिसते, ते दृश्य मी दिलं.

मी मेडशीत लग्नाची शूटिंग करतो. लोक हमखास सांगतात, एवढं काढून टाका. पंगतीतलं भांडण, पिऊन पडलेला मामा. फिल्ममधून आम्ही काढतो. हार्ड डिस्कमधून कोणी काढत नाही.

नाचणारी ती बाई म्हणजे एका लग्नातल्या नवरीची मावशी, रिठदला दिलेली. नवरा गेलेला, म्हणून हळदीला मांडवात न येता मागच्या अंगणात भांडी घासत बसली होती. हळद लागल्यावर नवरीच धावत गेली आणि मावशीचे हात ओले असतानाच तिला बायकांत ओढून आणलं. मग ती अशी नाचली की टाळ्या वाजवायचं बायकांच्या ध्यानात राहिलं नाही. नंतर माझ्याजवळ आली.

"भाऊ, माह्यं नाचनं ठेवू नका. घरी मोठे दीर हायेत."

"नाई ठेवत, ताई. कापतो."

कापलं. फिल्ममध्ये ती कुठंच नाही.

पुढं त्या पोरांनी व्हिडिओचं काम मला दिलं. मी गिटारवाला सोयाबीनच्या वावरात उभा केला, वरून ड्रोन फिरवला. पण नाच जमेना.

"काका, आपली हीरोईन तर कवायत करून राह्यली. एखादं खरं नाचनं असंन तर द्या ना!"

मला हसू आलं आणि ते दृश्य आठवलं. सहा सेकंदांत कोण ओळखतंय, असं मनाशी म्हणालो. तरी देताना चौकट उभी कापली, मोबाइलवर घेतल्यासारखी दिसावी म्हणून. म्हणजे ओळखतील हे मला माहीत होतं.

गाणं तुफान चाललं. पानठेल्यावर लोक मला डायरेक्टर म्हणू लागले, आणि मला ते आवडत होतं. वरातीत पोरंसोरं पदराऐवजी रुमाल दातात धरून तिच्यासारखी नाचायची आणि मीच त्यांची शूटिंग करायचो.

महिन्याभरानं ती मेडशीच्या एसटी थांब्यावर भेटली. मी नजर चुकवली, तर तिनंच हाक मारली.

"भाऊ, पाह्यलं न तुमी? वावरात निंदाले निघाली की पोट्टे मुद्दाम तेच गानं लावतेत. दीर तर बोलतच नाईत."

"कोनं केलं असंन?" मी विचारलं. हो, मी विचारलं.

"भाचीनं, दुसरं कोन? हळदीले तिच्याच हातात मोबाइल होता. शपथा घेते मेली! आता तिचं तोंड नाई पाह्यत मी." मग आवाज उतरला. "तुमी तर कापलं होतं. तुमचा शब्द पक्का."

बस आली. मी तिची पिशवी आत नेऊन ठेवली, खिडकीजवळची जागा धरून दिली. "येतो भाऊ," म्हणाली.

त्यानंतर ती कुठल्याच लग्नात दिसली नाही. भाचीचं बाळंतपण झालं, तिथंही मावशी गेली नाही. बारशाची शूटिंग माझ्याकडंच होती. भाची दरवाज्याकडं बघत होती, ते मी फिल्ममधून काढलं.

रिठदला जाऊन, भाचीला समोर बसवून, मावशीच्या दिरांच्या देखत मला सांगायचं आहे की ते दृश्य मीच दिलं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.