दोन नकाशे आणि निर्ण्याचा साखरपुडा

मी त्या दिवशी निर्ण्याला पोचलोच नाही.

पुतणीचा साखरपुडा होता आणि अंगठ्या माझ्या खिशात होत्या. (धाकट्या भावाचा माझ्यावर फार विश्वास. होता.) बायको असताना ती गाडीची काच खाली करून रस्त्यावर दिसेल त्याला "अण्णा, निर्णा कुनीकडं?" विचारायची. मला मात्र विचारायची लाज वाटते. म्हणून हुलसूरहून निघतानाच दोन फोनांवर दोन वेगळे नकाशे लावले. एक फोन माझा, एक तिचा. (अजून चार्ज करतो. का, ते विचारू नका.) माझ्या फोनातली बाई मराठी बोलायची, तिच्या फोनातली हिंदी. कोणता नकाशा चांगला तेही कळेल, आणि गाडीत तेवढीच बोलाचाली!

हुमनाबादपर्यंत दोघींचं एकमत होतं. मग मराठी बाई म्हणाली, "डावीकडे वळा." हिंदी बाई म्हणाली, "दाहिने मुड़िए." दोघींचं मन राखायला मी सरळ गेलो!

मग मात्र दोघींचं असं गूळपीठ जमलं की विचारू नका! डांबर संपलं, खडी संपली, रस्ताच संपला. तुरीच्या रानात चाक रुतलं, तेव्हा मराठी बाई आनंदानं म्हणाली, "तुम्ही पोचला आहात!"

बांधावर एक म्हातारी भाकरीचं फडकं सोडून बसली होती.

"कामून आलाव, अप्पा?"

"साखरपुड्याला."

तिनं चहूकडच्या तुरीवर नजर फिरवली. "कुनाच्या?"

तेवढ्यात भावाचा फोन. "दादा, कुठं हाईस?"

"तुरीत."

"आन् अंगठ्या?"

"त्याबी तुरीत!"

थोड्या वेळानं त्याचाच पुन्हा फोन. "ऱ्हाऊ दे आता. मामीच्या बोटातल्या अंगठीवर भागवलं. सावकास ये." पाठोपाठ फोटो आला. सगळे दाटीवाटीनं उभे होते. त्यात कुणी कमी आहे असं कुठूनही वाटत नव्हतं.

"ट्रॅक्टर सांजच्याला यील," म्हातारी म्हणाली. "घरी वाट बघायला कोन हाय?"

"कोन न्हाई."

"मलाबी न्हाई. मग बसा की! घाई कामून करायलाव?"

अर्धी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दुपारभर गप्पा. हुलसूरला इतकं मी महिन्यात बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी फोननं विचारलं, 'कालची जागा कशी वाटली?' मी पाचही तारे दिले आणि खाली लिहिलं, 'जेवण उत्तम. विचारपूस आपुलकीची. पुन्हा जायचंय. रस्ता कुणाला माहीत असेल तर कळवा.'