मी न लिहिलेलं कार्ड

भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. इतिहासात पीएच.डी. केलेला माणूस मी... कोणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न — कागद आहे का? आणि माझ्या आयुष्यातली एकुलती एक न उलगडलेली गोष्ट नेमकी कागदाचीच निघावी, याची चीड अजून जात नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्यानं पीएच.डी. झालेल्यांना संशोधन-ग्रंथपाल म्हणून तयार करायची एक योजना निघाली. एकेका प्रदेशातल्या जुन्या वह्या, कागदपत्रं शोधायची, नोंदवायची, अभ्यासकांच्या हाताशी द्यायची. माझ्या वाट्याला वऱ्हाड आलं आणि प्रत्यक्ष कामासाठी चार महिने पिंपळगाव राजा. बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं वाचनालय, आणि शिकवायला वानखडे सर — मॅट्रिक! माझे मित्र कॉलेजात लेक्चर देत होते आणि मी इथे पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवत होतो. डोकं नुसतं भणभणायचं.

सरांचं एकच पालुपद, "पानं मोजली का, डॉक्टरसाहेब?" कुठलीही वही आली की पानं दोनदा मोजायची आणि ती वही समोर ठेवूनच तिचं कार्ड लिहायचं. समास जरा चुकला की कार्ड परत. कार्डांच्या खणात सगळी कार्डं ओवलेली सळई, सळईला कुलूप, आणि किल्ली सरांच्या कमरेच्या करगोट्याला.

शेवटच्या महिन्यात पडताळणी आली. एकेक कार्ड काढायचं, ती वस्तू कपाटात आहे का पाहायचं. सर एका कार्डापाशी अडले.

"हे काय हो?"

तायडे, किसन. विहिरी, शेतांची नावे, जात्यावरच्या ओव्या. हस्तलिखित वही, काळी दोरी. सोनाळा. पाने १ ते ८६, पैकी ४३वे नाही.

अक्षर माझं. शाई माझी. पण मी ते लिहिलं नव्हतं, आणि अशी वही वाचनालयात कुठेच नव्हती.

"वही नाही अन् कार्ड हाये. याले आमच्यात खोटी नोंद म्हन्तात. काऊन केलं असं?"

"सर, मी नाही लिहिलं."

"मंग माह्या किल्लीनं भूत येऊन लिहून गेलं का?"

मी शपथा घेतल्या, आवाज चढवला. उपयोग शून्य. आठ दिवसांत वही दाखवा, नाहीतर अहवालात लिहीन, म्हणाले. ज्या विद्यापीठातल्या जागेसाठी मी चालून आलेली लेक्चररशिप सोडली होती, ती त्या अहवालावर अवलंबून होती. न केलेल्या चुकीसाठी सगळं मातीत जाणार... रडू आलं नाही, संताप आला.

एस.टी. बदलत सोनाळ्याला गेलो. "किसन तायडे? होते ना," लोक म्हणाले. "मजुरी करत. वारले. ते काय लिवतीन?" हात हलवत परत आलो.

आठव्या दिवशी दुपारी वाचनालयाच्या दारात एक बाई. चाळिशीची, पदराखाली काहीतरी धरलेलं.

"सोनाळ्यात बाबाच्या वहीचं इचारत होते ते तुमीच का? मी वच्छला, किसनबाबाची पोरगी. लगन करून इथंच देल्ली हाये मले." मग डोळे बारीक करून, "बाबा लपून लिवत. माह्याबिगर कोनालेच माहीत नव्हतं. तुमाले कोनं सांगतलं?"

काय सांगणार होतो, कपाळ!

वहीला काळी दोरी होती. सुटी पानं ओवून बांधलेली. आत सोनाळ्याची एकेक विहीर, एकेका शेताचं नाव, बायांच्या ओव्या. वऱ्हाडावरच्या माझ्या अख्ख्या प्रबंधात सोनाळ्याला दोन ओळी होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

सरांनी थुंकी लावून दोनदा पानं मोजली. शहाऐंशी. मग त्रेचाळीस उघडलं.

"हे तर हाये. म्हंजे कार्ड खोटंच."

त्या पानावर ना विहीर, ना ओवी. वर नीट अक्षरात "वच्छला", खाली तेच नाव वेड्यावाकड्या अक्षरांत, पानभर.

"तेवढं पान मी देनार नाही," बाई म्हणाली. "वही घ्या, बाबाचं लिवलेलं लोकाईच्या कामी येईन. पन हे बाबानं माहा हात धरून लिवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी वावरात कामाले. एवढंच येते मले."

दस्तऐवजातलं पान काढायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी सरांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही ठरवा, डॉक्टरसाहेब. पन एक सांगा — तिचं हाये म्हनून देता, का कार्ड खरं व्हावं म्हनून?"

मी दोरी सोडली आणि पान काढून दिलं. वच्छलाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवत आपलं नाव एकदा वाचलं आणि पान पदरात धरून त्या गेल्या.

मी कोरं कार्ड घेतलं, पेनचं टोपण काढलं. सरांनी हात आडवा घातला. "कार्ड लिहिलेलं हाये ना." आणि अहवालावर सही केली.

म्हणजे ते कार्ड मी आधी लिहिलं नाही, आणि नंतरही नाही. झोपेत लिहिलं म्हणावं तर किल्ली कुठून आली? सरांनी चेष्टा केली म्हणावं तर वहीचं त्यांना तरी कोण सांगणार? पुढे मीच कितीतरी नव्या डॉक्टरांना या कामात तयार केलं, पानं मोजायला लावली, आणि प्रत्येकाला हे कोडं घातलं. एकालाही सुटलं नाही. मलाही नाही.

पण सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला केव्हाच कळलंय, ते कोणाला सांगितलं नव्हतं. ते कार्ड नसतं, तर नियमावर बोट ठेवून मी ते पान ठेवून घेतलं असतं.