बाहीवरचा जोड

इवांका गेल्याचा मेसेज तिच्या मुलीने, नेझाने, पाठवला तेव्हा मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डबा खात होते. वाचून रडू आलं नाही, राग आला. म्हणजे ही बाई माझी माफी न मागताच गेली! दोन वर्षं मी त्या एका शब्दासाठी कान टवकारून बसले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, ठाऊक आहे मला. पण चांगलं बोलायला, इथल्या रीतीप्रमाणे तिचं शव अंत्यदर्शनाला घरी ठेवलं होतं त्या दिवशी, अख्खी गल्ली आली होती, सँडविच खाता खाता 'लव्हली लेडी' म्हणत होती. लव्हली कसली डोंबलाची! खाष्ट बाई होती, आणि हे तिलाही मान्य होतं.

आयर्लंडमधल्या मलिंगारमध्ये आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली. राहायला आले त्या आठवड्यात भिंतीपलीकडून सारखी खुटखुट ऐकू यायची, लाकडावर लाकूड आपटल्यासारखी. मला वाटलं उंदीर. तक्रार करायला गेले, तर ही स्वयंपाकघरात मांडीशी तक्क्यासारखी गोल, गच्च भरलेली उशी घेऊन बसलेली. उशीवर टाचण्यांचं रान, आणि दोऱ्याला लोंबणाऱ्या लाकडी काड्या दोन्ही हातांनी अशा फिरवत होती की बोटं दिसेनात. "आंटी, हे काय आहे?" मी विचारलं. "मी कुणाची आंटी नाही," ती म्हणाली. "इवांका. दार लाव, वारा येतोय." अशी आमची ओळख.

ती स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावची. तिथे पाऱ्याची खाण होती. पुरुष खाणीत उतरायचे आणि बाया घरी लेस विणायच्या. आईने तिला सहाव्या वर्षी उशीपाशी बसवलं, पुढे गावातल्या लेसच्या शाळेत घातलं. आयरिश नवऱ्याबरोबर इथे आली तेव्हा म्हणे कपड्यांआधी उशी बांधली. माझी आई साताऱ्याला क्रोशाचे रुमाल विणायची, तेवढ्या भांडवलावर मी म्हटलं, मला शिकवा. शिकवलं तिने. दोऱ्यांच्या दोन जोड्या घ्यायच्या, एकावर एक टाकायच्या, पीळ द्यायचा, खालच्या कागदावरच्या नक्षीप्रमाणे टाचणी खोचायची... आणि हे हजारदा. बरोबर आलं तर गप्प. चुकलं तर बोटावर काडी. शेजारीपाजारी बघून "ग्रँड!" म्हणायचे, ते गेले की ही फणकारायची, "या देशात सगळंच ग्रँड. उसवलेलं असलं तरी ग्रँड!"

त्याच सुमारास आईच्या काचबिंदूने उचल खाल्ली. डॉक्टर म्हणाले, जेवढं दिसतंय तेवढ्यात बघून घ्या. मी ठरवलं, आईच्या ब्लाउजच्या बाह्यांना माझ्या हातची लेस लावायची, आणि ती तिने डोळ्यांनी बघायची. इवांकाला सांगितलं. तिने पानांची नक्षी काढून दिली. पाच महिने मी कामावरून आले की भिंतीपलीकडे जाऊन बसायचे. भारतात जायला दोन आठवडे उरले, थोडंच राहिलं होतं, आणि एका रविवारी तिने सुरुवातीच्या टाचण्या काढल्या. तिसऱ्या पानात मी एक पीळ द्यायला विसरले होते. टाचणी होती तोवर कळलं नाही, काढल्यावर पान सैल पडलं. तिने कात्री घेतली आणि त्या पानातून सरळ आडवी चालवली. पट्टीचे दोन तुकडे झाले. मग काड्यांचे दोरेही कापले.

"अहो, आई आंधळी होतेय माझी!" मी किंचाळले.

"तू हृदयात घालायच्या जाळीच्या नळ्या तपासतेस ना कारखान्यात? वाकडी निघाली तर काय करतेस?"

"फेकते. पण ती..."

"मग?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तुकडे तिथेच टाकून, दार आपटून मी निघून आले. साताऱ्याला रिकाम्या हाताने गेले. आई म्हणाली, "आसू दे की, फुडच्या बारीला आण." पुढच्या बारीला तिला माझा चेहराही नीट दिसला नाही. इवांकाशी मी बोलणंच टाकलं. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवतानाही मी मान वळवायची. भिंतीपलीकडची खुटखुट मात्र चुकत नव्हती. या हिवाळ्यात ती मंदावली... दोन ठोके, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. हात थकले असतील, मी म्हटलं, मला काय त्याचं!

गेल्या महिन्यात नेझा घर आवरायला आली आणि एक पाकीट देऊन गेली. "प्रेसमध्ये होतं," म्हणाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. पाकिटावर माझं नाव. आत माझी लेस. तिसरं पान पुन्हा विणलेलं, दोन्ही तुकडे त्याला जोडलेले, राहिलेलं टोकही पुरं केलेलं. कापलेली लेस जोडता येत नाही, गाठी दिसतात, हे तिनेच मला शंभरदा सुनावलेलं. दिसतच होत्या गाठी. दोरा कुठे ताणलेला, कुठे ढिला. माझ्या हातून असं झालं असतं तर तिने पुन्हा कात्री घेतली असती. चिठ्ठी वगैरे काही नाही.

आई सध्या माझ्याकडे असते. तिच्या हातात लेस दिली. तिने बोटांनी पान न् पान चाचपलं आणि तिसऱ्यापाशी थांबली.

"हितं काय गं लागतंय? कुणी जोडलंय ह्ये? लई वंगाळ जोडलंय. उसवून नीट कर की."

दोन वर्षं मला हेही हवं होतं, की कुणीतरी इवांकाच्या कामाला नाव ठेवावं.

"नाही!" मी ओरडलेच. "त्याला हात लावायचा नाही."

आई दचकली. आता लेस ब्लाउजला लावलीय, जोड उजव्या बाहीवर आलाय. आई खिडकीपाशी बसते आणि तिचा अंगठा आपोआप तिथे जातो, गाठींवरून फिरत राहतो. माझा राग गेलेला नाही. मेली एकदा भिंतीवर थाप मारून हाक मारती, तर काय बिघडलं असतं? थाप मारायला भिंत तर मलाही होती.