भुऱ्या आडवा का होत नव्हता

“ही सर्दी नाही, आजी. याच्या फुफ्फुसात पाणी भरलंय,” कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, तेव्हा माझ्या लुगड्याला ओव्याच्या धुराचा वास येत होता. तीन दिवस मी भुऱ्याला धुरी देत होते.

भुऱ्या आमचा कुत्रा, नऊ वर्षांचा. भात झोडणीच्या दिवसांत त्याला ढास लागली. धुळीने आमचेही घसे धरले होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग त्याचा श्वास घुरघुरायला लागला.

आमच्या कळंब गावात लेकराची छाती भरली की माझ्याकडे आणतात. निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची, हे मला सासूने शिकवलं. भुऱ्यालाही तेच केलं. गोठ्याचं दार लावलं आणि सकाळ-संध्याकाळ धूर दिला.

तो आडवा होईना. पुढचे पाय फाकवून, मान ताणून बसून राही. “नीज रं मेल्या,” म्हणत मी त्याला धरून पाडायची. तो पुन्हा उठून बसायचा. मला वाटलं, हट्टीपणा आहे.

माझा मुलगा दत्ता म्हणाला, “आये, दवाखान्यात नेऊ त्याला.”

“माज्या धुरीवर मोठा झालास, आन आता मलाच शिकवतोस व्हय रं?”

तिसऱ्या दिवशी भुऱ्याच्या हिरड्या जांभळ्या दिसल्या तेव्हा मी निखारे विझवले. दत्ताने टेंपो काढला. कर्जतपर्यंत भुऱ्या वाऱ्याकडे तोंड करून बसला होता.

एक्स-रे काढला. डॉक्टरीण म्हणाली, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय दुबळं होऊन रक्त नीट पुढे ढकलत नाही, आणि पाणी फुफ्फुसात उतरतं. त्याला ऑक्सिजन लावला, पाणी कमी करायचं इंजेक्शन दिलं. मी बाकावर बसून राहिले.

“धुरीनं झालं का हो?” मी विचारलं.

“हृदय आधीपासूनच दुबळं होतं. पण धुराने त्रास वाढला, आणि तीन दिवस गेले. आडवं केलं की तो जास्त गुदमरायचा. म्हणून बसत होता.”

ती खोटं बोलली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

दुपारी चारच्या सुमारास घुरघुर कमी झाली आणि भुऱ्या आडवा होऊन झोपला. मी पाडलं नव्हतं.

कुत्रा नुसता शिंकत असेल, खातपीत असेल, तर एक-दोन दिवस बघा. पण झोपेत मिनिटाला तिसाच्या वर श्वास मोजलेत, पोट जोराने हलताना दिसलं, हिरड्या निळ्या किंवा पांढऱ्या पडल्या, किंवा तो आडवाच होत नसेल, तर त्याच घडीला न्या. तोंड बांधू नका, दाबून निजवू नका. आणि धूर तर नकोच.

मागच्या आठवड्यात शेजारची सून तान्हं घेऊन आली. “आजी, छाती भरलीया. धुरी द्या ना.”

शेगडीकडे न जाता मी आधी झबलं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

“दत्ता, टेंपो काढ रं,” मी हाक मारली.

ती घाबरली. “पन आजी, तुमी तर समद्यांच्या पोरांना धुरी देता ना?”

“देत हुते,” मी म्हटलं, आणि लेकराला उभं धरून टेंपोत बसले.