उसन्या वस्तूंच्या अक्का

प्रदर्शनाच्या आठवड्यात अक्कांकडे जेवायला जाऊ नये, असं आमच्या इतिहास मंडळात नव्या सभासदाला आधीच सांगून ठेवत. त्या दिवसांत अक्कांचा कुकर पंचवटीत कुणाच्या तरी ओट्यावर असायचा, भिंतीवरचं घड्याळ भद्रकालीत आणि बसायची खुर्ची तिसरीकडेच. अक्का सतरंजीवर बसून पातेल्यात खिचडी शिजवत आणि वर म्हणत, "येतो की सगळा संसार परत चार दिवसांनी. बस खाली."

त्याचं असं होतं, की मंडळाकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतंच. सराफ बाजाराखालच्या गल्लीत तळमजल्यावरचा एक हॉल आणि त्याच्यावर माळा, एवढीच आमची इस्टेट. दर श्रावणात प्रदर्शन भरायचं ते नाशिकच्या घरांतून मागून आणलेल्या वस्तूंचं. एका वर्षी दिवे, एका वर्षी लुगडी, एका वर्षी पाणी तापवायचे बंब. मागायला अक्का जात, आणि ज्या घरातून वस्तू उचलत त्या घरात आपली एक वस्तू ठेवून येत. साधी पावती द्या, असं आमचे खजिनदार दरवर्षी सुचवत आणि अक्का ते दरवर्षी उडवून लावत. "पावती दिली की मला घरी जाऊन शांत झोप लागेल," त्या म्हणत. "ती लागता कामा नये. त्यांना द्यायला जेवढं जड जातं, तेवढं मलाही जायला हवं."

त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली होती, आणि तिथली एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. रविवारी आम्ही लोकांना घेऊन जुन्या गल्ल्यांतून फिरायचो. गल्लीतल्या कुणा म्हाताऱ्याला बोलतं केलं, की अक्का मागे जाऊन उभ्या राहत. मी एकदा मध्येच एक दुरुस्ती सुचवली तर माझा दंड धरला त्यांनी. "लाइन जोडून दिली ना, आता आपण बोलायचं नाही." स्वतःविषयी तर त्या कधीच बोलल्या नाहीत. यजमान लवकर गेले, इगतपुरीला रेल्वेत एक भाचा आहे, यापलीकडे आम्हाला काही माहिती नव्हती, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय विचारायचं असतं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत असणार.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एकदा आम्ही जुन्या स्टुडिओतल्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मागे रंगवलेला पडदा, पुढे कुंडी आणि पुठ्ठ्याची मोटार, असे फोटो. मखमलाबादकडच्या एका मळ्यात असा एक आहे असं कळलं, म्हणून अक्का मला घेऊन गेल्या. फुलांचा मळा होता. मळ्याच्या मालकीण पार्वताबाई झेंडूच्या ढिगाशी बसल्या होत्या. फोटो त्यांच्या मुलाचा होता, मोटारीत ऐटीत बसलेला. फोटो काढला त्याच साली तो तापानं गेला, आणि त्याचा दुसरा फोटो नव्हता. त्या सरळ म्हणाल्या, "न्हाई बाई. दुसरं काय बी न्या, पोराचा फोटू न्हाई देनार."

अक्कांनी आग्रह केला नाही. पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेला एक लहानसा फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. दोन वेण्या घातलेली, पाचसहा वर्षांची मुलगी. "ही माझी," त्या म्हणाल्या. "हीही गेली. माझ्याकडेही दुसरा नाही." पार्वताबाईंनी दोन्ही फोटोंकडे बराच वेळ पाहिलं आणि उठून मुलाचा फोटो खुंटीवरून काढला. अक्कांना मुलगी होती, हे मला त्या दिवशी कळलं. रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या होत्या. मी काही विचारलं नाही.

प्रदर्शन सुरू झालं आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं. आम्ही जुन्या गावातली माणसं रेडिओपेक्षा गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीवर भरवसा ठेवणारी. त्याच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही बघायला जातो, आवरायला लागतो ते पाणी छातीला आल्यावर. त्या दिवशीही तसंच केलं, आणि पाणी आमच्या हिशेबापेक्षा जोरात चढलं. खालच्या टेबलांवरचे अल्बम आणि कॅमेरे आम्ही धावपळ करून माळ्यावर नेले. उंच लावलेल्या फोटोंना कुणी हात लावला नाही. ते भिंतीवर आहेत असंच डोक्यात होतं. ते भिंतीवर नव्हते. आमच्याच प्लायवूडच्या उभ्या फळ्यांवर होते, आणि गुडघाभर पाणी आत शिरताच फळ्या एकामागून एक आडव्या झाल्या. बाकीच्या फोटोंच्या प्रती कुठे ना कुठे होत्या. मुलाचा फोटो काचेला चिकटला होता. अक्कांनी तो सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा नुसता चिखलाचा रंग हाताला लागला.

पाणी ओसरल्यावर आम्ही मळ्यावर गेलो. अक्कांनी पायरीवरच सगळं सांगितलं आणि चौकट पुढे केली. पार्वताबाईंनी ती पदरानं पुसली. पुसायला काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पान्यापुढं कुनाचं चालतं बाई," आणि आतून मुलीचा फोटो घेऊन आल्या. अक्कांनी हात जोडले. "नको. तुमचं घर रिकामं करून माझं कसं भरून नेऊ?"

"आवं, पर म्या हिचं काय करू?"

"असू दे तुमच्याकडे," एवढं बोलून अक्का निघाल्या.

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. वाटेत मी भांडलेसुद्धा. "तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे गं," त्या म्हणाल्या. वर्षभराने एकदा मंडळात चहा ओतताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तिच्या वेण्या वर बांधलेल्या होत्या की मोकळ्या सोडलेल्या? तू पाहिलायस ना फोटो." मी म्हटलं, वर बांधलेल्या, लाल रिबिनी होत्या. "काळापांढरा फोटो होता तो," अक्का म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या. मी नुसतं बघून या म्हटलं, तर म्हणाल्या, "मी दारात दिसले की त्यांना वाटेल न्यायला आले. आणि त्या देतील काढून." त्यानंतर त्या मळ्याकडे फिरकल्या नाहीत, आणि कुणाच्या घरची वस्तूही मागायला गेल्या नाहीत. कार्यक्रमांना येत, मागच्या रांगेत बसत. त्यांच्या घरात आता कुकर, घड्याळ, खुर्ची सगळं जागच्या जागी असायचं, आणि ते बघवत नसे.

एका हिवाळ्यात अक्का झोपेतच गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मी मळ्यावर सांगायला गेले. देवळीशेजारी मुलाची रिकामी चौकट होती आणि तिला लागून मुलीचा फोटो. दोन्हींना सारखी शेवंती वाहिलेली. वेण्या वर बांधलेल्या होत्या. मी तिथेच रडायला बसले. पार्वताबाईंनी मला पाणी दिलं आणि स्वतः खाली टेकल्या. "पितरांत पोराचं पान वाढते, तव्हा हिचं बी वाढते," त्या म्हणाल्या. "पर नाव घ्याया लागतं ना. पोराचं घेते. हिचं घेता येत न्हाई. काय नाव व्हतं पोरीचं?"

मला माहीत नव्हतं. मंडळातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणाच्या घरचा बंब कुणाच्या लग्नातला, हे सांगणारी माणसं आम्ही, एकालाही ते सांगता आलं नाही. इगतपुरीला फोन केला. भाच्याने मलाच विचारलं, "आत्याला मुलगी होती?"

पुन्हा मळ्यावर जाऊन मी ते पार्वताबाईंना सांगितलं. त्या हातातली माळ ओवत राहिल्या.

"मायलाच इचाराया पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आज ना उद्या येतीलच पोरीला न्यायला. तव्हा इचारू."