जावयाचं तोंड आणि पंधरा यार्ड

जावयाचं तोंड गोड करताना त्याच्याच संघाला पंधरा यार्डांचा दंड मिळवून देणारा मँचेस्टरमधला मी बहुधा एकमेव सासरा आहे.

आमचा जावई टॉम हौशी संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो. (यात चेंडू नारळासारखा असतो आणि पायाला फारसं काम नसतं. फुटबॉल का म्हणतात, ते विचारायचं नाही!) सीझनमध्ये त्यांनी एकही मॅच जिंकली नव्हती आणि ही शेवटची होती. माझे दोन्ही गुडघे ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर. तरी मी खेळाडूंना पाणी द्यायचं काम हट्टानं मागून घेतलं. शर्टावर नारिंगी बिब (बिनबाह्यांचं जाकीट) चढवला आणि झालो की संघाचा माणूस! आमच्या हिनं डबाभर पेढे दिले होते. "टॉमनं काही केलं, तर आधी त्याचं तोंड गोड करा हं!"

शेवटचं मिनिट. आम्ही सहा गुणांनी मागे. आणि टॉम चेंडू घेऊन सुटला! तो रेषेपासून दहा पावलांवर असतानाच मी पेढा घेऊन निघालो. त्यानं चेंडू रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला, सहा गुण मिळाले, बरोबरी झाली... आणि मी पोचलो. पण हेल्मेटला पुढे जाळी! आता पेढा काय परत न्यायचा? दाबला जाळीतून. अर्धा तोंडात, अर्धा नाकात.

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि पायाशी पिवळं फडकं पडलं. मी सभ्यपणे उचलून रेफरीला दिलं. "सर, युअर हँकी!"

"बाबा!" मैदानाबाहेरून मुग्धा, म्हणजे आमची कन्या, किंचाळली. "ती पेनल्टी आहे!"

"अहो, पोराचे गुण घालवलेत ना?" ही.

"तुम्ही टचडाउनच्या आधी आत आलात की नंतर?" टॉम शिंकत विचारत होता. "आधी असेल तर सगळं गेलं!"

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. निघालो तर आधीच होतो!

तिघे रेफरी जमले. माझ्याकडे बघून, मग माझ्या गुडघ्यांकडे बघून, मोठा रेफरी म्हणाला, "चेंडू रेषेपार गेला तेव्हा हे गृहस्थ अजून मैदानाबाहेरच होते. प्रयत्न चालू होता." चूक गुण झाल्यानंतरची, म्हणून टचडाउन कायम! दंड मात्र पुढच्या जादा गुणाच्या किकवर. ती पंधरा यार्ड मागून.

किकर माझ्याकडे असा बघत होता, की मी डबा पाठीमागे लपवला. त्यानं किक मारली. चेंडू खांबाला थडकला, विचारात पडला आणि आत गेला. एका गुणानं जिंकलो! माझा बिब तिथेच काढून घेतला, पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. हेल्मेट काढून.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलचं पत्र आलं, ऑपरेशनची तारीख मिळाली. मी नाचतच (म्हणजे भिंत धरून) टॉमला सांगितलं. तो गंभीर झाला.

"बाबा, पुढचा सीझन संपल्यावर करू या का? आत्ताचा स्पीड आमच्या टीमला फार सूट होतो."